नीलगिरीच्या बाटलीवर काय लिहिलेले नसते

लिस्टरीन या जुन्या माउथवॉशच्या मूळ पाककृतीत चार सुगंधी द्रव्ये आहेत: ओव्याचे सत्त्व म्हणजे थायमॉल ०.०६४ टक्के, नीलगिरी तेलातले युकॅलिप्टॉल ०.०९२ टक्के, पुदिन्याचे मेंथॉल ०.०४२ टक्के आणि गंधपुरा तेलाचा जवळजवळ संपूर्ण ऐवज असलेले मिथाइल सॅलिसिलेट ०.०६० टक्के. दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज यामुळे कमी होते, हे सहा-सहा महिने चाललेल्या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. सुगंधी तेलांच्या बाजूने इतका भक्कम पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो. आता यातल्या चौथ्या द्रव्याकडे वेगळे पाहू. सांधेदुखीवर चोळायला मिळणारे निर्भेळ गंधपुरा तेल एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर घेतले, तर त्यात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते. हे प्रमाण ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक ॲस्पिरिन गोळ्यांइतके आहे. लहान मुलाने तेवढे प्यायले तर जीव जाऊ शकतो, आणि असे मृत्यू वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहेत. दोन्हीकडे रेणू एकच आहे. फरक आहे तो किती, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या शरीरात, एवढाच.

सुगंधी तेलांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात हेच तीन प्रश्न गळून पडतात. एकीकडे सर्दीपासून निद्रानाशापर्यंत सगळ्यांवर हे तेल रामबाण असल्याचे सांगितले जाते आणि त्याच दमात ते नैसर्गिक असल्यामुळे कसलाही अपाय नाही, अशी ग्वाही दिली जाते. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. जे द्रव्य आतड्याचा पीळ सैल करते, जंतू मारते, मेंदूला शांत करते, ते शरीराच्या यंत्रणेत खरोखर हात घालते. हात घालणाऱ्याच्या हातून इजाही होऊ शकते. म्हणून माझे म्हणणे असे की सुगंधी तेलांना औषधाचा मान द्यायचा असेल तर औषधाची शिस्तही लावायला हवी. हा मान आणि ही शिस्त वेगळी करता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आजीबाईच्या बटव्यात ओवा, लवंग, गवती चहा, कापूर होतेच. पिढ्यान्‌पिढ्या वापरले, कोणाला काय झाले? या आक्षेपात एक गल्लत आहे. बटव्यात ओवा होता, ओव्याचे तेल नव्हते. नीलगिरीच्या ताज्या पानांत तेलाचे प्रमाण साधारण एक-दोन टक्के असते. पाने भट्टीत घालून त्यांतून वाफ सोडली, ती थंड करून वर तरंगणारे तेल काढून घेतले की उरलेले अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव टक्के मागे राहते आणि झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी तयार केलेली द्रव्ये तेवढी बाटलीत येतात. एक किलो गुलाबतेलासाठी तीन-चार टन पाकळ्या लागतात. गवती चहाच्या दोन पात्या उकळून घेणारी आजी आणि त्याच गवताच्या तेलाचे थेंब पाण्यात टाकून पिणारा नातू हे एकच काम करत नाहीत. शिवाय ‘कोणाला काय झाले’ हे कळायला कोणीतरी विचारावे आणि लिहून ठेवावे लागते. तापात मुलाला आकडी आली तर दोष तापालाच जात असे. आदल्या रात्री छातीला काय चोळले होते, हे कोण नोंदवणार?

बंगळूरुच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या पुढाकाराने नेमके हेच विचारले गेले. दक्षिण भारतातल्या चार रुग्णालयांत चार वर्षे, पहिल्यांदा आकडीचा झटका आलेल्या आणि औषध चालू असतानाही पुन्हा झटका आलेल्या प्रौढ रुग्णांना सुगंधी तेलांच्या वापराविषयी ठरवून प्रश्न केले गेले. २०२१ साली ‘एपिलेप्सी रिसर्च’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. ५५ रुग्णांच्या झटक्यांचा संबंध सुगंधी तेलांशी जोडता आला. त्यांतल्या २२ जणांना त्याआधी अपस्मार नव्हता. ३३ जणांचा आटोक्यात असलेला आजार उफाळला होता. संबंध आढळला तो मुख्यतः दोन द्रव्यांशी, नीलगिरी आणि कापूर. या अभ्यासाच्या मर्यादा लपवण्याचे कारण नाही. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ज्या समाजात घरोघरी बाम आहे तिथे झटका आलेल्या माणसाने आदल्या दिवशी बाम लावलेला असणे हा योगायोगही असू शकतो. तरीही हा पुरावा बाजूला सारता येत नाही. कापराने झटके येतात हे वैद्यकाला फार जुने ठाऊक आहे. विसाव्या शतकात मनोरुग्णांवरच्या उपचारासाठी मुद्दाम कापूर देऊन झटके आणले जात. १९३४ साली बुडापेस्टमध्ये लाडिस्लास मेडुना यांनी सुरुवात केली ती कापरानेच. कारण आधीच माहीत असताना परिणाम दिसला, तर तो योगायोग म्हणून सोडून देण्याआधी दोनदा विचार करावा लागतो. ज्यांना अपस्मार आहे त्यांनी तरी नीलगिरी आणि कापूर यांच्यापासून लांब राहावे, एवढे म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे.

मुलांच्या बाबतीत तर शंकेलाही जागा नाही. मेलबर्नच्या मुलांच्या रुग्णालयात नीलगिरी तेल प्यायल्यामुळे दाखल झालेल्या १०९ मुलांचा आढावा १९९५ साली प्रसिद्ध झाला. अनेकांना काही झाले नाही. पण चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांची शुद्ध हरपू लागली होती. निर्भेळ तेल ५ मिलिलिटर किंवा जास्त पोटात गेले तर शुद्धीवर गंभीर परिणाम होईल असेच धरून चालावे, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष होता. वाफाऱ्याच्या यंत्रासाठी तयार ठेवलेले, मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर राहिलेले द्रावण हे त्या अपघातांमागचे एक ठळक कारण होते. कापराचे गणित आणखी कडक आहे. लहान मुलाच्या पोटात गेलेला एक ग्रॅम कापूरही जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत आणि झटके काही मिनिटांतच सुरू होऊ शकतात. अमेरिकेने १९८२ साली कापूरतेल बाजारातून काढले आणि पुढच्याच वर्षी औषधी उत्पादनांतल्या कापराला ११ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. आपल्याकडे पूजेचा कापूर हा जवळजवळ निव्वळ कापूर असतो, तो पांढऱ्याशुभ्र वड्यांच्या रूपात खडीसाखरेसारखा दिसतो, आणि देवघर हे अनेक घरांत रांगत्या मुलाला सहज गाठता येणारे ठिकाण असते. तान्ह्या बाळाच्या नाकाशी बाम लावणे, टाळूवर कापराचे तेल घालणे हे मायेपोटी केले जाते, यात शंका नाही. पण बाजारातल्या छातीला चोळायच्या बामवर दोन वर्षांखालच्या मुलांसाठी वापरू नये असे छापलेले असते, आणि ते छापण्यामागे कारण आहे.

मग नाक मोकळे होते त्याचे काय? हा दुसरा आक्षेप आहे आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे, कारण तो अनुभवाचा आहे. १९८३ साली ब्रिटनमध्ये बरो, एकल्स आणि जोन्स यांनी कापूर, नीलगिरी आणि मेंथॉल हुंगवून लोकांच्या नाकातला हवेचा अडथळा यंत्राने मोजला. अडथळा होता तेवढाच राहिला. पण श्वास मोकळा झाल्याची जाणीव मात्र स्पष्टपणे वाढली. याचा उलगडा पुढे झाला. २००२ साली मज्जातंतूंतला थंडावा ओळखणारा ‘टीआरपीएमएट’ नावाचा ग्राहक रेणू सापडला, आणि मेंथॉल त्यालाच चाळवते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागच्या कामात मेंथॉलचा हा शोधही होता. नाकात गार हवा खेळल्याचा संदेश मेंदूला जातो, हवा मात्र तेवढीच जाते. या जाणिवेला मी क्षुल्लक मानत नाही. २०१० साली ‘पीडियाट्रिक्स’मध्ये आलेल्या १३८ मुलांच्या चाचणीत बाम लावलेल्या मुलांची रात्रीची झोप आणि खोकला आईवडिलांना सुधारलेला दिसला, व्हॅसलीन लावलेल्यांपेक्षा आणि काहीच न लावलेल्यांपेक्षा, मात्र त्वचेची, डोळ्यांची चुरचुरही त्याच गटात अधिक होती. दोन वर्षांपुढच्या मुलाला सर्दीत एक रात्र शांत झोप लागणे ही खरी मिळकत आहे. धोका सुरू होतो तो जाणिवेला उपचार समजल्यावर. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत ऑक्सिजनसाठी रुग्णालयांबाहेर रांगा लागलेल्या असताना, कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा संदेश मोबाइलवरून लाखो घरांत गेला. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. वाढते ती मोकळ्या श्वासाची जाणीव, आणि त्या आजारात ऑक्सिजन खालावूनही धाप न लागणारे रुग्ण आधीच पुष्कळ होते. अशा वेळी बरे वाटणे हेच रुग्णालयात उशिरा पोहोचण्याचे कारण होऊ शकते. वाफाऱ्याचेही तसेच: सर्दीत गरम वाफेचा खात्रीलायक फायदा चाचण्यांत दिसत नाही, आणि २०२० साली बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात वाफाऱ्याच्या पाण्याने भाजलेल्या मुलांची संख्या तीसपटीने वाढली होती.

जिथे फायदा सिद्ध होत आला आहे तिथे तेल कोणत्या रूपात दिले गेले, ते पाहण्यासारखे आहे. आतड्याच्या चिवट दुखण्यावर पेपरमिंट तेल उपयोगी पडते. मेंथॉल आतड्याच्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरू देत नाही आणि पीळ सैल होतो. पण हे तेल मोजून, जठरात न विरघळणाऱ्या कॅप्सूलमध्ये दिले जाते. नेदरलँड्समध्ये १९० रुग्णांवर झालेल्या २०२०च्या चाचणीत तर मुख्य निकषावर ते बिनऔषधी कॅप्सूलपेक्षा सरस ठरले नाही, पोटदुखीत मात्र काही उतार दिसला. लव्हेंडरचेही तेच. चिंताविकारावर जे जर्मन संशोधन वारंवार सांगितले जाते ते ८० मिलिग्रॅमच्या प्रमाणित कॅप्सूलवरचे आहे, त्यातले बरेचसे उत्पादकाशी जोडलेलेही आहे. खोलीत दिवा लावून दरवळणाऱ्या लव्हेंडरला तो पुरावा उसना देता येत नाही. मुरुमांवर टी ट्री तेल वापरले गेले ते ५ टक्के प्रमाणात. १९९०च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत ते बेंझॉइल पेरॉक्साइडपेक्षा उशिरा पण कमी त्रास देत काम करत होते. निर्भेळ टी ट्री तेल चेहऱ्यावर थापणाऱ्याला या चाचणीचा आधार नाही.

‘आमचे तेल शुद्ध आहे’ हे उत्तर इथे नेहमी पुढे येते. शुद्धतेचा प्रश्न खरा आहे आणि आपल्या मातीतला आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशात, पिंपळनेर-नंदुरबारच्या बाजूला, रोशा गवताचे तेल ओढ्याकाठच्या भट्ट्यांत काढले जाई. मुंबई बंदरातून ते कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तिथून गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, कारण दोन्हींत जिरॅनिऑल हेच द्रव्य असते. भेसळ ओळखण्याची साधने आज कितीतरी पुढे गेली आहेत. पण शुद्धता आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुद्ध गंधपुरा तेलही विषारीच असते. शुद्ध टी ट्री तेलही झाकण सैल राहिले की हवेशी संयोग पावते आणि त्यातून त्वचेला ॲलर्जी करणारी द्रव्ये तयार होतात. वर्षानुवर्षे कपाटात पडलेली बाटली त्यामुळेच धोक्याची. आणि तेलाबाहेरच्या गोष्टींचे काय? २०२१ साली अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांत चार जणांना मेलिऑयडोसिस हा उष्ण प्रदेशातला जिवाणूजन्य आजार झाला, दोघे दगावले. शोध लागला तो लव्हेंडर-कॅमोमाइलच्या सुगंधी फवाऱ्यापाशी, आणि तो भारतात बनलेला होता. जंतू मारण्याचा लौकिक असलेल्या तेलाच्या नावाने विकलेल्या पाण्यात जंतू जिवंत होते.

शेवटचा आक्षेप असा की डॉक्टरांची औषधे काय कमी घातक आहेत? नाहीत. पॅरासिटामॉलची जास्त मात्रा यकृत निकामी करते, आणि लवंग तेलातले युजेनॉलही यकृताला तशीच इजा करते. दोन वर्षांच्या मुलाने थोडे लवंग तेल पिऊन मरणाच्या दारात जाऊन परत येण्याची घटना ब्रिटनमध्ये नोंदली गेली आहे. पण पॅरासिटामॉलच्या वेष्टनावर मात्रा, वय, मुदत आणि इशारा असतो. लवंग तेल मात्र कधी आयुर्वेदिक औषध, कधी सौंदर्यप्रसाधन, तर कधी पूजासाहित्य म्हणून विकले जाते, आणि ज्या खान्यात पडेल तिथल्या सवलती घेते. १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९५४चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आपल्याकडे आहेत. त्यांच्या चौकटीत प्रत्येक बाटलीसाठी पुढील गोष्टी सक्तीच्या करणे अवघड नाही: एका वेळी थेंबच पडेल असे तोंड, मुलाला न उघडणारे झाकण, मुख्य द्रव्य किती टक्के ते, बाटली उघडल्यावर किती महिने वापरावी ते, ‘पिऊ नये’ हे ठळक मराठीत, अपस्मार आणि दोन वर्षांखालच्या मुलांचा उल्लेख, आणि चुकून प्यायल्यास उलटी करवू नये ही सूचना. उलटी करवली की तेल श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसे सुजतात, हे घाबरलेल्या आईबापांना त्या क्षणी कोण सांगणार? रुग्णालयात बाटली सोबत न्यावी, कारण त्यातले द्रव्य आणि प्रमाण कळले तर उपचार लवकर ठरतो. डॉक्टरांनीही झटका आलेल्या रुग्णाच्या घरच्यांना ताप, जागरण, औषधाची चुकलेली वेळ विचारताना आणखी एक गोष्ट विचारावी: गेल्या चोवीस तासांत बाम, कापूर किंवा नीलगिरी वापरली होती का, आणि किती?