गरोदरपणात पोटात गाठ आढळल्यास

गरोदरपणात कधी पोटाला हात लावताना, तर कधी सोनोग्राफीच्या अहवालात अनपेक्षितपणे गाठ आढळते. मनात प्रथम कर्करोगाची शंका येते. प्रत्यक्षात यांपैकी बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र तपासणीवाचून गाठीचे स्वरूप निश्चित करता येत नाही.

गाठ कशाची असू शकते?

बाराव्या आठवड्यानंतर गर्भाशय ओटीपोटात हाताला लागू लागते व विसाव्या आठवड्याच्या सुमारास नाभीपर्यंत पोहोचते. पुढे बाळाचे डोके वा पाय टणक उंचवट्यासारखे जाणवतात. हे स्वाभाविक आहे. याखेरीज प्रमुख कारणे अशी :

• फायब्रॉइड : गर्भाशयाच्या स्नायूंची गाठ. गरोदरपणात ती वाढू शकते व दुखू शकते. बहुधा विश्रांती व औषधोपचार पुरेसे ठरतात.

• अंडाशयातील गाठ : सुरुवातीच्या महिन्यांतील द्रवाने भरलेल्या अनेक गाठी सोळाव्या आठवड्यापर्यंत आपोआप विरतात. गाठीला पीळ पडल्यास मात्र तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

• हर्निया : नाभीजवळचा, खोकताना वाढणारा व आडवे झाल्यावर कमी होणारा फुगवटा.

काय करावे?

गाठ जाणवताच आशा ताई, परिचारिका किंवा डॉक्टरांना सांगावे. पूर्वीचे अहवाल व माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली ही तपासणी गरोदरपणात सुरक्षित मानली जाते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य केंद्रांत चौथ्या महिन्यापासून पुढील गरोदर मातांची मोफत तपासणी होते. परंतु त्रास होत असल्यास त्या तारखेची वाट पाहू नये.

काय टाळावे?

पोट चोळून घेऊ नये. शेक, जडीबुटी किंवा गाठ विरघळवण्याची औषधे घेऊ नयेत. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांतील काही बाळास अपायकारक ठरतात.

त्वरित रुग्णालयात जा :

• पोटात अचानक तीव्र वेदना
• योनीमार्गे रक्तस्राव किंवा पाणी जाणे
• ताप किंवा सतत उलट्या
• चक्कर किंवा बेशुद्धी
• फुगवटा टणक, दुखरा होऊन आत न जाणे
• बाळाची हालचाल मंदावणे

रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा १०२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

भीतीने वा संकोचाने गाठ लपवल्यास उपचाराचा मोलाचा वेळ जातो. मातेने मोकळेपणाने सांगावे आणि कुटुंबीयांनी तिला दोष न देता तपासणीस न्यावे.