इंधनपंप खरोखरच ‘गेला’ आहे का?

खंडाळ्याच्या घाटात ऐन चढणीला गाडी धापा टाकू लागते, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही वेग चढत नाही आणि दहा मिनिटे थांबल्यावर जणू काही झालेच नाही अशी ती पुन्हा धावू लागते. पेट्रोल मोटारींबाबतची ही तक्रार कानी पडताच अनेक गॅरेजांत ‘पंप गेला’ असे सांगितले जाते. नव्या पंपाचा खर्च काही हजारांत जात असल्याने हे निदान पारखून घेणेच वाहनधारकाच्या हिताचे.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात मारुती ८००चा पंप इंजिनालाच जोडलेला असे. २०००च्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक झाले, ‘एमपीएफआय’ प्रणाली रुळली आणि विजेवर चालणारा पंप पेट्रोलच्या टाकीत जाऊन बसला. बहुतेक गाड्यांत तो ३ ते ४ बार दाबाने इंजेक्टरकडे पेट्रोल ढकलतो. सभोवतालचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते. साहजिकच, सदैव ‘रिझर्व्ह’वर गाडी पळविण्याची सवय त्याच्या मुळावर येते.

पहिली चाचणी बिनखर्चाची आहे. चावी ‘ऑन’ करताच मागील आसनाखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. ती आली नाही, तर आधी फ्यूज आणि रिले तपासावा. रिले बिघडला असेल, तर मामला काही शे रुपयांतच मिटतो. त्यानंतर मल्टिमीटरने पंपाच्या कनेक्टरवरील वीजदाब पाहावा. स्टार्टर फिरत असताना तेथे पुरेसा दाब मिळतो, अर्थिंगही ठीक आहे आणि तरीही पंप मूक असेल, तर दोष पंपाचाच. टाकीला खालून हलका ठोका देताच तो सुरू होत असेल, तर त्याचे दिवस भरले आहेत असे समजावे. ठोक्यावर गाडी फार दिवस चालत नाही.

गुणगुण येते पण ताकद नाही, अशा वेळी प्रेशर गेजला पर्याय नाही. दाब कमी भरला तरी पंपाला लगेच दोषी धरू नये. तुंबलेला फिल्टर किंवा बिघडलेला रेग्युलेटर हेही कारण असू शकते. दाब योग्य असेल, तर इग्निशन कॉइलकडे वळावे. इंजिन बंद करताच दाब झपाट्याने उतरत असेल, तर इंजेक्टर गळतो आहे किंवा पंपातील झडप निकामी झाली आहे. सकाळी लांबणाऱ्या सेल्फचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

पंप बदलण्याचे काम अवघड नसले तरी धोक्याचे आहे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे नळीतील दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडवावी. काम उघड्यावर, टाकीत पेट्रोल कमी असताना करावे. विडी-सिगारेट तर दूरच, साधा पिवळा बल्बही जवळ नको. पंप बाहेर काढताना इंधनमापकाचा तरंगता दांडा वाकणार नाही याची काळजी घ्यावी. टाकीच्या तोंडाची रबरी रिंग नवीच घालावी आणि ती इथेनॉलला टिकणारी असावी, कारण २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले आहे. जोडणी झाल्यावर चावी दोन-तीनदा ‘ऑन’ करून गळती नसल्याची खात्री करावी, मगच आसन बसवावे.