कंटेनरमधल्या प्रोग्रॅमला सीपीयूची मर्यादा कशी कळते

लिनक्सवर चालणारा जवळपास प्रत्येक मोठा प्रोग्रॅम सुरू होताच यंत्रात सीपीयू किती आहेत ते पाहून घेतो. किती थ्रेड उभे करायचे, एका वेळी किती कामे हातात घ्यायची, मेमरीची साफसफाई किती थ्रेडांकडे सोपवायची, हे सगळे त्या आकड्यावरून ठरते. कंटेनरमध्ये मात्र हा आकडा खरा असूनही निरुपयोगी ठरू शकतो. सर्व्हरमध्ये ६४ सीपीयू असतात, कंटेनरला दोन सीपीयूंइतकेच काम करण्याची मुभा असते आणि प्रोग्रॅम ६४ धरून कामाला लागतो.

असे होते, कारण कंटेनर म्हणजे वेगळे यंत्र नव्हे. व्हर्च्युअल मशीनला दोन सीपीयू दिले, तर आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला दोनच दिसतात. कंटेनरमधले प्रोग्रॅम मात्र बाहेरच्या सर्व्हरच्याच कर्नलवर, इतर प्रोग्रॅमांच्या शेजारी चालत असतात. त्यांना वेगळे भासवण्याचे काम कर्नलमधल्या दोन यंत्रणा करतात. नेमस्पेस ही यंत्रणा काय दिसावे ते ठरवते आणि सीग्रुप ही यंत्रणा किती वापरता यावे ते ठरवते. प्रोसेसचे क्रमांक, नेटवर्क, फाइल-सिस्टीम, यंत्राचे नाव या सगळ्यांसाठी नेमस्पेस आहेत; सीपीयूसाठी नाही. त्यामुळे प्रॉक फाइल-सिस्टीममधली सीपीयूची माहिती कंटेनरच्या आतून वाचली, तरी यच्चयावत सगळे सीपीयू दिसतात. मर्यादा लागू असते, पण ती या माहितीत उमटत नाही.

सीग्रुपची सुरुवात गूगलमध्ये झाली. पॉल मेनाज आणि रोहित सेठ या अभियंत्यांनी २००६ साली हे काम हाती घेतले, तेव्हा त्याचे नाव ‘प्रोसेस कंटेनर्स’ होते. पुढे ते बदलून ‘कंट्रोल ग्रुप्स’ झाले आणि जानेवारी २००८मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४मध्ये ही यंत्रणा दाखल झाली. सीपीयूच्या बाबतीत ती तीन निरनिराळ्या प्रकारे आवर घालते. हे तीन प्रकार एकमेकांत मिसळल्यामुळे पुढचे बरेच घोटाळे झाले आहेत.

पहिला प्रकार नेमून देण्याचा. अमुक कंटेनरने चार आणि पाच क्रमांकाच्या सीपीयूंवरच चालायचे, असे सांगता येते. यात मोजणीचा गोंधळ नाही: दोन म्हणजे दोनच. दुसरा प्रकार वजनाचा. कंटेनरला एक आकडा दिलेला असतो आणि सीपीयूसाठी रस्सीखेच सुरू झाली, तर वेळेची वाटणी त्या आकड्यांच्या प्रमाणात होते. सर्व्हर रिकामा असेल, तर कमी वजनाचा कंटेनरही सगळे सीपीयू वापरू शकतो. म्हणजे वजन ही मर्यादा नव्हेच, ती गर्दीच्या वेळची हमी आहे. तिसरा प्रकार कोट्याचा. जानेवारी २०१२च्या लिनक्स ३.२पासून तो उपलब्ध आहे. डॉकरमध्ये किंवा कुबरनेटीसमध्ये ‘दोन सीपीयूंची मर्यादा’ म्हणतात, ती बहुतेक वेळा हीच असते.

कोट्यात सीपीयूची संख्या ठरलेली नसते, वेळ ठरलेला असतो. साधारणपणे १०० मिलिसेकंदांचा एक कालखंड धरला जातो. दोन सीपीयूंची मर्यादा म्हणजे त्या प्रत्येक कालखंडात सगळ्या थ्रेडांनी मिळून २०० मिलिसेकंद सीपीयू-वेळ वापरायचा. अर्ध्या सीपीयूची मर्यादा म्हणजे ५० मिलिसेकंद. हा वेळ कोणत्या सीपीयूवर वापरायचा, एका वेळी कितींवर वापरायचा, याला बंधन नाही. वेळ संपला की कालखंड पुरा होईपर्यंत कर्नल त्या कंटेनरचे सगळे थ्रेड थांबवून ठेवतो. मोबाइलचा दिवसाचा दीड जीबी डेटा घरातल्या सहा जणांनी हॉटस्पॉटवरून एकदम वापरायला घेतला, तर सकाळीच संपतो आणि मध्यरात्रीपर्यंत हात चोळत बसावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

६४ सीपीयूंच्या सर्व्हरवरचे गणित मांडून पाहिले, की याचा दणका कळतो. प्रोग्रॅमने ६४ थ्रेड उभे केले आणि सगळ्यांना एकदम काम लागले, तर २०० मिलिसेकंदांचा कोटा सुमारे तीन मिलिसेकंदांत उडून जातो. उरलेले जवळपास ९७ मिलिसेकंद काहीच चालत नाही. सरासरी सीपीयू वापराचा आलेख पाहणाऱ्याला वावगे काही दिसत नाही. वापर मर्यादेच्या आतच असतो. पण त्या थांबलेल्या अवधीत सापडलेल्या ग्राहकाच्या विनंतीला उत्तर मिळायला सेकंदाच्या जवळपास दहाव्या भागाइतका उशीर झालेला असतो. दोनच थ्रेड असते, तर तेवढेच काम एकही विराम न घेता झाले असते.

मग प्रोग्रॅमला खरा आकडा कुठून मिळणार? जुना आणि सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे ‘सिसकॉन्फ’ या फंक्शनला चालू असलेल्या सीपीयूंची संख्या विचारणे. ते सबंध यंत्राचा आकडा देते आणि सीग्रुपकडे पाहतही नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला वर्कर प्रोसेसची संख्या आपोआप ठरवायला सांगितली, की तो हेच करतो. म्हणून त्याच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये सीग्रुपच्या फायली वाचून ही संख्या दुरुस्त करणारी एक वेगळी स्क्रिप्ट ठेवलेली आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे या प्रोसेसला कोणत्या सीपीयूंवर चालायची परवानगी आहे, हे कर्नलला विचारणे. ‘एनप्रॉक’ या परिचित आज्ञेच्या जुन्या आवृत्त्या असेच करतात. नेमून दिलेल्या सीपीयूंच्या बाबतीत हे उत्तर अचूक येते. कोटा मात्र याही उत्तरात दिसत नाही, कारण कोट्यावर चालणाऱ्या कंटेनरला प्रत्येक सीपीयूवर जायला मोकळीक असतेच.

युनिक्स कुळातल्या इतर सिस्टीमांनी हा प्रश्न सगळीकडे असाच सोडलेला नाही. सोलॅरिसच्या झोनमध्ये प्रोसेसरांचा संच नेमून दिला, तर सिसकॉन्फच त्या संचापुरता आकडा देते आणि प्रोग्रॅमला काही वेगळे करावे लागत नाही. लिनक्समध्ये ही जबाबदारी प्रोग्रॅमवर येऊन पडली.

कोटा कळायचा तर सीग्रुपच्या फायली वाचाव्या लागतात. आधी प्रोसेसने प्रॉकमधली स्वतःची सीग्रुप-फाइल उघडून आपण कोणत्या गटात आहोत ते पाहायचे, मग माउंटची यादी वाचून ती सीग्रुप फाइल-सिस्टीम कुठे जोडली आहे ते शोधायचे आणि त्या गटाच्या फोल्डरमधला कोटा वाचायचा. इथे दोन पिढ्यांचा प्रश्न येतो. पहिल्या आवृत्तीत कोटा आणि कालखंड अशा दोन वेगळ्या फायली असतात आणि कोट्याच्या जागी उणे एक असेल, तर मर्यादा नाही असे समजायचे. मार्च २०१६च्या लिनक्स ४.५मध्ये अधिकृत ठरलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सीपीयू.मॅक्स’ ही एकच फाइल असते. तिच्यात दोन आकडे शेजारीशेजारी असतात आणि मर्यादा नसेल, तर पहिल्या आकड्याच्या जागी ‘मॅक्स’ हा शब्द. फेडोराने २०१९मध्ये दुसरी आवृत्ती मूळ निवड म्हणून स्वीकारली, डेबियनने २०२१मध्ये. जुन्या जागीच फायली शोधणाऱ्या प्रोग्रॅमांना त्या तिथे सापडेनात. यात वाईट हे, की अशा वेळी प्रोग्रॅम बंद पडत नाही. मर्यादा नाहीच असे समजून तो मुकाट्याने ६४वर परततो आणि सर्व्हर अद्ययावत केल्यावर सगळे मंद का झाले, याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.

सीग्रुपची रचना उतरंडीची असते आणि वरच्या गटाची मर्यादा खालच्यालाही लागते. म्हणून स्वतःच्या फोल्डरपाशी न थांबता मुळापर्यंत चढत जाऊन सर्वांत कडक मर्यादा शोधावी लागते. पण सीग्रुपसाठी स्वतंत्र नेमस्पेस असेल, तर कंटेनरला स्वतःचा गटच मूळ म्हणून दिसतो आणि त्याच्या वर काय आहे ते कळायला मार्ग उरत नाही. शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमला एवढे अज्ञान स्वीकारावेच लागते.

या सगळ्यातून सर्वांत खडतर वाट जावाची झाली. जावाचे व्हर्च्युअल मशीन सीपीयूच्या आकड्यावर फारच अवलंबून असते: ६४ सीपीयू दिसले, तर मेमरी साफ करणाऱ्या समांतर थ्रेडांची संख्या ४३वर जाते. मार्च २०१८मध्ये आलेल्या जावा १०ने कोटा वाचायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही सोय जावा ८मध्येही आणली गेली. मात्र कोट्याबरोबर वजनही मोजणीत धरले गेले. वजन १०२४ म्हणजे एक सीपीयू, असे समीकरण मांडले होते. पण १०२४ हे वजनाचे मूळ मूल्यही आहे, त्यामुळे नेमके तेवढे असेल, तर वजन दिलेलेच नाही असा अर्थ लावला जाई. परिणाम विचित्र झाला. कुबरनेटीसमध्ये सीपीयूची काहीच मागणी न नोंदवलेल्या कंटेनरचे वजन दोन असते, त्याला एकच सीपीयू दिसे. दोन सीपीयू मागणाऱ्याला दोन दिसत आणि बरोबर एक मागणाऱ्याला अख्खा सर्व्हर! वजनाला मर्यादा समजण्याची ही चूक २०२२मध्ये जावा १९मध्ये काढून टाकली गेली आणि ती दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांपर्यंतही पोहोचवली गेली.

गो भाषेत ऑगस्ट २०१५च्या १.५ आवृत्तीपासून एका वेळी चालणाऱ्या थ्रेडांची संख्या परवानगी असलेल्या सीपीयूंइतकी ठेवली जाई; कोट्याचा विचार नव्हता. उबर कंपनीने लिहिलेली एक छोटी लायब्ररी जोडून लोक ही उणीव भरून काढत. भाषेनेच कोटा वाचायला ऑगस्ट २०२५ उजाडला, तो १.२५ आवृत्तीत. रस्टने ही सोय २०२२मध्येच आपल्या प्रमाण लायब्ररीत आणली होती. पायथनमध्ये नेहमीचे फंक्शन यंत्राचे सगळे सीपीयू मोजते, २०२४च्या ३.१३ आवृत्तीत आलेले नवे फंक्शन परवानगी असलेले सीपीयू सांगते, पण कोटा अजूनही पाहत नाही. पायथनमध्ये समांतर काम बऱ्याचदा थ्रेडांऐवजी स्वतंत्र प्रोसेस उभ्या करून होते, त्यामुळे ६४ प्रोसेस उभ्या राहिल्या, की सीपीयूच्या आधी मेमरीचीच मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

फाइल बरोबर वाचली, तरी दीड सीपीयूचा कोटा म्हणजे किती थ्रेड, हा प्रश्न उरतोच. वेळेचे संख्येत रूपांतर कसे करायचे, याचे एकच बरोबर उत्तर नाही. जावा वरच्या पूर्णांकाला जाते, म्हणजे दीडचे दोन. रस्ट खालच्याला येते, पण एकाच्या खाली जात नाही. उबरची लायब्ररीही मुळात खालीच येत असे. गोने वर जायचे ठरवले आणि सर्व्हरमध्ये निदान दोन सीपीयू असतील, तर दोनाच्या खाली यायचे नाही असेही ठरवले. एकच थ्रेड असला, तर मेमरीच्या साफसफाईत मुख्य काम अडकून पडते, असा त्यामागचा विचार. खाली आणले, तर विकत घेतलेल्या वेळेचा काही भाग वाया जातो. वर नेले, तर अधूनमधून कोटा संपून थांबावे लागते. विकत घेतलेली क्षमता कायमची पडून राहण्यापेक्षा अधूनमधूनचा विराम बरा, त्यामुळे वर नेणेच अधिक शहाणपणाचे दिसते. जावात तर अपूर्णांकाचा परिणाम फारच ठळक होतो. मर्यादा एक असेल, तर मशीन स्वतःला लहान यंत्र समजून मेमरीच्या साफसफाईची साधी, एकाच थ्रेडची पद्धत निवडते. मर्यादा एकाच्या किंचित वर नेली आणि मेमरी पुरेशी असली, की दोन सीपीयू मोजले जाऊन पद्धतच बदलते.

मर्यादा चालू कंटेनरवरही बदलता येते. गोची नवी आवृत्ती ठरावीक काळाने कोटा पुन्हा वाचून थ्रेडांची संख्या जुळवून घेते. इतर बरेच प्रोग्रॅम सुरुवातीला वाचलेल्या आकड्यावरच शेवटपर्यंत चालतात.

शोधाच्या भरवशावर न राहता आकडा हातानेही देता येतो. जावा, गो आणि पायथन या तिन्हींत त्यासाठी सोय आहे, आणि कुबरनेटीस कंटेनरची मर्यादा त्याच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये भरून देऊ शकते. मर्यादा घातलेलीच नसेल, तर मात्र त्या जागी सर्व्हरवर वाटपासाठी असलेल्या सगळ्या सीपीयूंचा आकडा येतो, हे ध्यानात ठेवावे लागते. एलएक्ससीएफएस नावाचा प्रकल्प उलट बाजूने येतो: तो प्रॉकमधल्या फायलींच्या जागी मर्यादेनुसार आकडे दाखवणाऱ्या फायली मांडतो. त्या फायली वाचणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांना एका अक्षराचाही बदल न करता नवा आकडा दिसतो.

प्रोग्रॅमचा अंदाज बरोबर निघाला की नाही, हे सीग्रुपच्याच ‘सीपीयू.स्टॅट’ या फाइलीत पाहता येते. आतापर्यंत किती कालखंड गेले, त्यांतल्या किती कालखंडांत कंटेनरला थांबवावे लागले आणि एकूण किती वेळ थांबवले, हे तिच्यात नोंदलेले असते. थांबवलेल्या कालखंडांचा आकडा भराभर वाढत असेल, तर थ्रेडांची संख्या आणि कोटा यांचा मेळ बसलेला नाही हा पहिला संशय. नोव्हेंबर २०१९मध्ये लिनक्स ५.४ येईपर्यंत दुसराही संशय घ्यावा लागे, कारण त्याआधीच्या काही कर्नलांत कोटा शिल्लक असतानाही थ्रेड थांबवले जात: एकेका सीपीयूला तुकड्यातुकड्याने दिलेला वेळ न वापरताच बाद होई. २०२१च्या ५.१४पासून न वापरलेला कोटा ठरावीक प्रमाणात पुढच्या कालखंडासाठी साठवण्याचीही सोय आहे. ती मुद्दाम चालू करावी लागते.