गल्ला उघडण्यापूर्वी खोट्या पैशांची तालीम

नवे शिवणयंत्र आणले की शिंपी पहिली शिवण गिऱ्हाइकाच्या कापडावर घालत नाही. आधी चिंधीवर चालवून पाहतो. धागा तुटतो का, टाका सैल पडतो का, हे चिंधी सांगते. मोबाईल पाकिटातून पैसे घेण्याच्या व्यवस्थेलाही अशी चिंधी असते. संगणकवाले तिला 'सँडबॉक्स' म्हणतात, म्हणजे मुलांनी खेळावे असा वाळूचा हौद. तिथे व्यवहार कोसळला तरी कोणाचा पैसा बुडत नाही.

मालेगावची साडी, मिरजेची सतार, भेंडीबाजारातले अत्तर आज स्वतःच्या वेबसाइटवरून विकता येते. वेबसाइट घरातला शिकलेला मुलगा किंवा ओळखीचा संगणकवाला बनवून देतो. "चाचा, झाले काम, पैसे येतात," असे तो सांगतो आणि आपण निश्चिंत होतो. आमचे म्हणणे एवढेच की पैसे येतात हे पाहणे सोपे असते. पैसे अडतात तेव्हा आपले दुकान काय करते, हे पाहिल्याशिवाय गल्ला उघडू नये.

गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन आपल्या बँकेत पोचवणाऱ्या कंपनीला पेमेंट गेटवे म्हणतात. उदाहरणादाखल बंगळूरची रेझरपे घेऊ. तिथे खाते काढले की कागदपत्रांची तपासणी पुरी होण्याआधीच 'टेस्ट मोड' वापरता येतो. त्याची किल्ली वेगळी असते. तिच्या नावातच 'टेस्ट' हा शब्द असतो, तर खऱ्या व्यवहाराच्या किल्लीत 'लाइव्ह'. तालमीत मोबाईल पाकीट निवडले की खऱ्या पाकिटाऐवजी एक नकली पान उघडते. त्यावर दोन बटणे असतात. एकाने व्यवहार पार पडतो, दुसऱ्याने फसतो. बहुतेक जण पहिले बटण दाबून समाधानाने उठतात. खरी परीक्षा दुसऱ्या बटणापासून सुरू होते.

काय तपासावे?

१) फसलेला व्यवहार : दुसरे बटण दाबल्यावर ऑर्डर 'पैसे बाकी' अशीच राहिली पाहिजे. पावती निघता कामा नये, माल विकला गेल्याची नोंद होता कामा नये. असे प्रसंग प्रत्यक्षात येतातच. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार जुजबी माहितीवर उघडलेल्या पाकिटात १०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही; पूर्ण केवायसी झालेल्या पाकिटाची मर्यादा २ लाख आहे. तेव्हा २५,००० ची सतार कोणी छोट्या पाकिटातून घेऊ लागला तर व्यवहार अडणारच. अशा वेळी वेबसाइटने त्याला दुसरा मार्ग दाखवावा.

२) रक्कम : गेटवेला रक्कम पैशांत सांगावी लागते. ५०० रुपयांसाठी ५०,००० असे लिहावे लागते. मुलाने नुसते ५०० लिहिले तर ५०० ची वस्तू ५ रुपयांत जाईल. म्हणून ४९९ रुपये ५० पैसे अशी आडनिडी रक्कम घालून पाहावी.

३) अर्धवट सुटलेला व्यवहार : पहिले बटण दाबताच मोबाईल बंद करावा. गिऱ्हाइकाचे पान मिटले तरी गेटवे परस्पर दुकानाच्या संगणकाला निरोप पाठवतो. या निरोपाला 'वेबहूक' म्हणतात. तो मिळून ऑर्डरची नोंद झाली का, हे पाहावे. एकच निरोप दोनदाही येऊ शकतो. रोजमेळात मात्र रक्कम एकदाच चढली पाहिजे. निरोपासोबत गेटवेची गुप्त सही येते. ती जुळल्याशिवाय निरोप खरा मानू नये.

४) मंजूर आणि जमा : 'मंजूर' झालेली रक्कम 'जमा' करून घ्यावी लागते. ठरलेल्या मुदतीत ती जमा करून घेतली नाही तर गिऱ्हाइकाला परत जाते, आणि माल मात्र तोवर रवाना झालेला असतो.

५) परतफेड : माल परत आला तर पूर्ण आणि अर्धी, दोन्ही प्रकारे रक्कम परत करून पाहावी.

सर्वांत मोठा धोका

तालीम संपली आणि दुकान सुरू झाले, पण वेबसाइटमध्ये किल्ली टेस्टचीच राहिली, तर काय होईल? गिऱ्हाइकाला 'पैसे मिळाले' असे दिसेल, आपल्यालाही दिसेल, माल पाठवला जाईल आणि बँकेत एक छदामही येणार नाही. महिनाभर रात्री जागून केलेले काम फुकट जाईल. म्हणून उद्घाटनाच्या दिवशी किल्ली बदलल्याची खात्री मालकाने स्वतः करावी. मग घरच्याच मोबाईलवरून एक छोटा खरा व्यवहार करावा आणि ती रक्कम आपल्या बँक खात्यात उतरेपर्यंत थांबावे. हौदात खेळवलेला पैसा बँकेत कधीच पोचत नाही, त्यामुळे हा शेवटचा टप्पा सँडबॉक्स दाखवू शकत नाही.

एकाच पाकिटावरही विसंबू नये. ३१ जानेवारी २०२४ च्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, आणि १५ मार्च २०२४ नंतर तिच्या पाकिटांत नवे पैसे भरणे बंद झाले. ज्यांनी दुसरा मार्ग आधीच तपासून ठेवला होता त्यांचा धंदा अडला नाही.

गिऱ्हाइकाशी वागणूक

"माझे पैसे कापले गेले," असे गिऱ्हाईक म्हणते आणि आपल्याकडे नोंद नसते, तेव्हा भांडण नको. सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, दुकानाला पोच न मिळालेली रक्कम परत गेली पाहिजे : व्यवहार पाकीट कंपनीच्या स्वतःच्याच व्यवस्थेत झाला असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत, यूपीआयमार्गे असेल तर पाच दिवसांत. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई गिऱ्हाइकाला मिळते. हे त्याला शांतपणे सांगावे. पण त्याने दाखवलेल्या पडद्याच्या छायाचित्रावर माल देऊ नये. छायाचित्र बनवता येते. आपल्या खात्यातली नोंद हीच पावती.

या साऱ्या तालमीला एक दुपार पुरे होते आणि एक पैसाही लागत नाही. संगणक मुलाला कळतो, पण हिशेब आपल्याला कळतो. दोघांनी शेजारी बसून एकेक व्यवहार मुद्दाम फसवून पाहावा, तेव्हाच दुकानाची फळी उघडावी.