किनारपट्टीचा शेतकरी आणि दारी येणारा पाहुणा

पिंपरीच्या संत तुकाराम नगराजवळील वल्लभनगर एस. टी. आगारात सुटीच्या दिवसांत कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांना मोठी गर्दी असते. त्यांत गावी निघालेले चाकरमानी असतात. तसेच ज्यांचे कोकणात कोणीही नाही, अशी कारखान्यांत काम करणारी कुटुंबेही असतात. ही मंडळी दोन दिवस समुद्र पाहतात, मासळी खातात आणि परत फिरतात. पुष्कळदा त्यांचा बराचसा खर्च हमरस्त्यावरील हॉटेलांतच होतो. ज्या गावाची पुळण पाहावयास ते येतात, त्या गावाच्या वाट्यास मात्र कचरा तेवढा उरतो. हा व्यवहार पालटणे बागायतदाराच्या हाती आहे.

याची गरजही आहे. मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस झाला की हापूसचे पीक हातचे जाते. एकाच पिकावर विसंबणारे घर अशा वर्षी कर्जात पडते आणि घरातील तरुण शहराची वाट धरतात. पाहुण्यांपासून होणारी प्राप्ती ही शेतीची जागा घेणारी नव्हे, तर शेतीला आधार देणारी जोड होय.

पाहण्यासारखे काय आहे?

आपणांस जे नित्याचे, ते शहरवासीयांस नवलाचे असते. मार्च ते मे हा आंब्याचा हंगाम. कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या ‘नूतन झेल्या’ने देठासह आंबा कसा उतरवावा, तो पेंढ्यात अढीला कसा घालावा, हे पाहुण्यांना दाखवावे व त्यांच्याकडून करवून घ्यावे. याच सुमारास रातांबे पिकतात. रातांब्याची साले मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळविली की आमसूल होते. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो दोन किलो आमसूल घेतल्यावाचून सहसा जात नाही. पावसाळ्यात भाताची लावणी व आंब्याची कोयकलमे, थंडीत सिंधुदुर्गातील जत्रांतून होणारे दशावताराचे खेळ, फाल्गुनात शिमग्याच्या पालख्या, असा वर्षभराचा क्रम लावता येतो.

रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ बागायतदारांनी स्वतः अवश्य पाहावी. नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी, केळी व अननस यांची लागवड केल्यास एकाच जमिनीतून अनेक उत्पन्ने निघतात, हे तेथे समजते. अशी बाग उत्पन्नासाठी जितकी चांगली, तितकीच पाहुण्यांना फिरविण्यासही उत्तम.

वेळासचा धडा

मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. येथील पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे थंडीच्या दिवसांत अंडी घालतात. पूर्वी ही अंडी उकरून विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साह्याने 2002 पासून संरक्षणाचे काम हाती घेतले. अंडी कुंपण घातलेल्या सुरक्षित जागी हलविली जातात आणि सुमारे दीड ते दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिले सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडली जातात. तो क्षण पाहण्यास लांबून लोक येऊ लागले. गावात मोठे हॉटेल नव्हते. म्हणून गावकऱ्यांनी आपल्याच घरांत राहण्याची व जेवणाची सोय केली. अंडी विकून एकदाच पैसा मिळे. अंडी राखल्याने तो दरवर्षी येऊ लागला. पुढे दापोली तालुक्यातील आंजर्ले येथेही असा कासव महोत्सव होऊ लागला.

वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिलांनी 2017 मध्ये होडीतून कांदळवन दाखविण्याचा उपक्रम सुरू केला. कांदळवनात माशांची व कोळंबीची पिले वाढतात आणि किनाऱ्याची धूप रोखली जाते. ज्या वनावर लोक सरपणासाठी कुऱ्हाड चालवीत, तेच उभे राहून कमाई देऊ शकते, हे या उदाहरणाने दिसून येते.

मालवणचा किनारा तर या दृष्टीने संपन्नच आहे. रापणीचे जाळे ओढणारे मच्छीमार, हर्णैप्रमाणे भरणारे मासळीचे लिलाव आणि 1664 मध्ये पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग किल्ला ही त्याची काही ठिकाणे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी प्रत्येक शेतकऱ्याने विचारपूर्वक पाहाव्यात.

सोय कशी करावी?

मोठा खर्च करून आरंभ करू नये. एक-दोन खोल्या, स्वच्छ शौचालय, गाळून उकळलेले पाणी आणि मच्छरदाणी एवढे प्रथम पुरे. जेवणात घावणे, कुळथाची पिठी, सोलकढी असे घरचेच पदार्थ असावेत. दर आधी सांगावा व जमाखर्च शेतीपासून वेगळा लिहावा. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी किती दिवस पुरेल, हे पाहूनच पाहुण्यांची संख्या ठरवावी. बागेच्या तोंडचे पाणी काढून पाहुण्यांस देणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

भरती-ओहोटीच्या वेळा दारावर लिहून ठेवाव्यात. पावसाळ्यात कोणासही समुद्रात उतरू देऊ नये. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या समुद्री मासळीचे आश्वासन देऊ नये. राज्य शासनाने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्याखालील नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. नोंदणीचे प्रमाणपत्र बँकेकडे कर्ज मागतानाही उपयोगी पडते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत या विषयाची चर्चा घडवून आणावी. गावात कोणत्या महिन्यात काय पाहावयास मिळते, कोणाच्या घरी किती माणसांची सोय होईल आणि कचऱ्याची विल्हेवाट कोण लावील, या तीन गोष्टींची यादी प्रथम करावी. पाहुणा एकाच घरी उतरला, तरी नारळ दुसऱ्याचा, मासळी तिसऱ्याची व होडी चौथ्याची असावी. असे झाले तरच किनाऱ्याचे सौंदर्य साऱ्या गावाच्या उपयोगी पडेल आणि सारा गाव ते जपेल.