नखाएवढी चिप आणि सफारीचा कॅमेरा

31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव सफारीत एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या जिप्स्यांच्या मधोमध अडकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि पुढे तिथे सफारीत मोबाइल बंद झाले. ताडोब्यात तर हा मज्जाव आधीपासूनच होता. वाघांच्या दृष्टीने उत्तमच झालं. नागपुरातल्या घराघरांत मात्र त्यामुळे एक शोधाशोध सुरू झाली. मोबाइल नाही म्हणजे कॅमेरा हवा. तो कपाटात सापडतो, चार्जरही सापडतो, सापडत नाही ते मेमरी कार्ड. मग जुन्या फोनमधली नखाएवढी चिप काढायची, ती काळ्या प्लास्टिकच्या ॲडॉप्टरमध्ये सरकवायची आणि तो कॅमेऱ्यात घालून सिल्लारी किंवा मोहर्लीच्या सफारी-गेटवर पहाटे हजर व्हायचं.

हे चालतं का? चालतं. किती भरवशानं चालतं, हा खरा प्रश्न आहे.

कॅमेऱ्यात जातं ते एसडी कार्ड. सॅनडिस्क, पॅनासॉनिक (तेव्हाची मात्सुशिता) आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी ते 1999 मध्ये जाहीर केलं. लांबी 32 मिलिमीटर, रुंदी 24. फोनच्या पोटात एवढी जागा कुठली? म्हणून सॅनडिस्कने 2004 मध्ये 'ट्रान्सफ्लॅश' नावाचं बारकं कार्ड काढलं आणि 2005 मध्ये एसडी संघटनेने ते मायक्रोएसडी म्हणून स्वीकारलं. त्याची लांबी 15 मिलिमीटर, रुंदी 11, जाडी जेमतेम एक. माप बदललं, बोली तीच राहिली. कॅमेरा मोठ्या कार्डाशी ज्या विद्युत संकेतांत बोलतो, त्याच संकेतांत धाकटं कार्डही उत्तर देतं.

म्हणूनच हा ॲडॉप्टर फोडून पाहिला तर आत काही म्हणजे काहीच सापडत नाही. चिप नाही, स्मृती नाही, फक्त धातूच्या पट्ट्या. मोठ्या कार्डाला नऊ संपर्क-पट्ट्या असतात, धाकट्याला आठ. कमी असलेली पट्टी जमिनीच्या म्हणजे 'अर्थ'च्या जोडणीची. या आठ ठिकाणांहून त्या नऊ ठिकाणी विजेला वाट करून देणं एवढंच ॲडॉप्टरचं काम. त्यामुळे तो कार्डाची क्षमता वाढवत नाही, ठाकठीक असेल तर सहसा वेगही घटवत नाही. जुन्या कॉम्पॅक्टफ्लॅश कॅमेऱ्यांसाठी मिळणाऱ्या ॲडॉप्टरची गोष्ट वेगळी. त्या कार्डाची बोलीच निराळी असल्याने तिथे आत खरोखरच दुभाषा सर्किट बसवावं लागतं. आपला एसडी ॲडॉप्टर त्या मानाने अगदी गरीब जीव.

पण गरीब असला तरी निरुपद्रवी नव्हे. सरळ एसडी कार्ड घातलं तर कॅमेरा आणि कार्ड यांच्यात एकच सांधा असतो. ॲडॉप्टर आला की दोन होतात, आणि दुसरा सांधा कार्डासोबत फुकट मिळालेल्या, सर्वांत स्वस्त वस्तूतला असतो. आतल्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या वापरून दबतात. जिप्सी जंगलाच्या गाभ्यातल्या, म्हणजे कोअरच्या, मातीच्या रस्त्यावर आदळत असते, धूळ उडत असते, एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांपार जातो. कार्डाला या उन्हाचं काही वाटत नाही. ही कार्डं साधारण 85 अंशांपर्यंत चालतील अशीच बनवतात. तक्रार करतो तो सैल झालेला संपर्क. फोटो लिहिला जात असतानाच तो क्षणभर सुटला की पडद्यावर 'कार्ड एरर' येतं किंवा 'हे कार्ड फॉरमॅट करा' अशी सूचना झळकते.

इथेच बहुतेकांचा घात होतो. गडबडीत 'ओके' दाबलं जातं.

कार्डावर फोटो दोन भागांत राहतो. एकीकडे प्रत्यक्ष चित्राचा मजकूर, दुसरीकडे तो मजकूर कुठे ठेवला आहे याची नोंद. सातबाऱ्यावरून नाव गेलं तरी शेत जागेवरच असतं, तसंच इथे. संपर्क तुटल्याने नोंद अर्धवट राहते, चित्र बहुधा शाबूत असतं. कॅमेऱ्यातलं फॉरमॅटही सहसा नोंदवहीच कोरी करतं. मात्र त्यानंतर नवे फोटो काढले, की ते जुन्यांच्या जागेवर बसू लागतात आणि मग परतीची वाट नाही. म्हणून एरर आली की कॅमेरा बंद करा, ॲडॉप्टर काढा आणि त्या कार्डावर एकही नवा फोटो घेऊ नका. घरी आल्यावर धाकटं कार्ड ॲडॉप्टरशिवाय, थेट मायक्रोएसडीच्या खाचेत बसणाऱ्या कार्ड रीडरला लावा. दोष ॲडॉप्टरचाच असेल तर सगळे फोटो मुकाट्याने समोर येतात. नाही आले तरी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर आहेच.

दुसरा नेहमीचा त्रास लॉकचा. ॲडॉप्टरच्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते. ती खाली गेली की कॅमेरा 'कार्ड लॉक्ड' म्हणून अडून बसतो. गंमत अशी, की कार्डाला या लॉकचा पत्ताच नसतो. पट्टी कुठे आहे हे कॅमेऱ्याच्या खाचेतली कळ चाचपते आणि लिहायचं की नाही ते कॅमेरा ठरवतो. स्वस्त ॲडॉप्टरची पट्टी सैल असते आणि आत घालतानाच घसरते. पट्टी वर ठेवून तिच्यावर सेलोटेपचा पातळ तुकडा लावला की दिवस निभावतो. टेप जाड नको, नाहीतर ॲडॉप्टर खाचेतच अडकेल.

जुन्या कॅमेऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. मूळ एसडी कार्डं 2 जीबीपर्यंतची. 2006 मध्ये 32 जीबीपर्यंत जाणारी एसडीएचसी आली, 2009 मध्ये त्यापुढची एसडीएक्ससी. 2005 चा कॅमेरा एसडीएचसी ओळखणार नाही, मग ते कितीही महाग असो. ॲडॉप्टर बदलूनही उपयोग नाही. 2008 चा कॅमेरा 32 जीबी आनंदाने घेईल, 64 ला बहुधा नकार देईल. तेव्हा कार्ड घेण्याआधी कॅमेऱ्याच्या खाचेजवळचं चिन्ह पाहा. सोनीचा मेमरी स्टिकवाला किंवा ऑलिंपसचा एक्सडी कार्डवाला कॅमेरा निघाला तर हा ॲडॉप्टर त्यात शिरणारच नाही.

आता वेगाबद्दल, कारण दुकानात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. वेष्टनावर ठळक छापलेला आकडा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे. तुम्हाला हवा आहे लिहिण्याचा. त्यासाठी 'व्ही' अक्षरापुढचा आकडा बघायचा: व्ही 30 म्हणजे सेकंदाला किमान 30 एमबी सलग लिहिण्याची हमी. शंभर मेगाबिटचा फोर-के व्हिडिओ सेकंदाला साडेबारा एमबी मागतो, म्हणजे व्ही 30 त्याला पुरून उरतं. ए 1, ए 2 हे शिक्के फोनमध्ये ॲप चालवण्यासाठी आहेत; त्यांच्यासाठी जादा पैसे मोजण्याचं कॅमेरेवाल्याला कारण नाही. फोटोंच्या सलग फैरी झाडणाऱ्यांचं गणित मात्र अवघड. 25 एमबीच्या रॉ फाइली सेकंदाला दहा या वेगाने निघाल्या तर सेकंदाला 250 एमबी होतात. यूएचएस-1 जातीच्या कार्डाची कमाल मर्यादाच 104 एमबी, प्रत्यक्षात लिहिणं त्याहून कमी. कॅमेऱ्याची स्वतःची तात्पुरती साठवण भरली की तो थांबतो, लाल दिवा लुकलुकत राहतो आणि तेवढ्यात वाघ रस्ता ओलांडून जातो. यूएचएस-2 कार्ड वेगवान असतं ते संपर्क-पट्ट्यांच्या दुसऱ्या रांगेमुळे. नेहमीच्या ॲडॉप्टरला ती रांगच नसल्याने असलं महागडं मायक्रोएसडी त्यातून लावलं, की ते मुकाट यूएचएस-1 च्या वेगावर येतं.

मग मायक्रोएसडी घ्यावंच का? कारण सोय आहे. लग्नाचं काम घेणाऱ्या मंडळींना ड्रोन आणि ॲक्शन कॅमेऱ्यासाठी ते लागतंच, आणि लॅपटॉपला एसडीची खाच असेल तर ॲडॉप्टरवर काम भागतं. त्यात वावगं काही नाही. घरच्या वाढदिवसाला, अंबाझरीच्या फेरफटक्याला, फुटाळ्याच्या संध्याकाळीही ॲडॉप्टर खुशाल वापरावा. पुन्हा न घडणाऱ्या प्रसंगांना मात्र तो नको, असं माझं स्पष्ट मत आहे. मुहूर्ताच्या अक्षता दोनदा पडत नाहीत.

जंगलातल्या कॅमेरा ट्रॅपचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. 2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लागले आणि त्यांनी 3 कोटी 48 लाखांहून अधिक छायाचित्रं टिपली. त्यांतली वाघांची होती 76,651. जगातलं सर्वांत मोठं कॅमेरा ट्रॅप सर्वेक्षण म्हणून गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून हे कॅमेरे जोडीने, समोरासमोर लावतात. एका बाजूचं कार्ड दगावलं तर त्या वाघाची एक कूस कागदावर येतच नाही. कॅमेरा दिवसेंदिवस झाडाला बांधलेला. बिघाड कळतो तो कार्ड काढायला माणूस पोचल्यावर. म्हणूनच असे कॅमेरे बनवणाऱ्या काही कंपन्या सरळ पूर्ण आकाराचं कार्ड वापरा, ॲडॉप्टर टाळा, असं सांगतात.

बनावट कार्डांचा धोका ॲडॉप्टरपेक्षाही मोठा. 512 जीबी म्हणून कवडीमोलाने मिळणाऱ्या कार्डात अनेकदा 16 जीबीचीच जागा असते. फोनला आणि कॅमेऱ्याला खोटा आकडा दाखवण्याची व्यवस्था आत केलेली असते. खरी जागा संपली की नवे फोटो नुसते लिहिल्यासारखे दिसतात किंवा जुने पुसत जातात. एच2टेस्टडब्ल्यू किंवा एफ3 ही फुकट सॉफ्टवेअर कार्ड काठोकाठ भरून परत वाचतात आणि पितळ उघडं पाडतात. वेळ लागतो, पण पावती आणि बदलून घेण्याची मुदत हातात असेतोवर ही तपासणी उरका.

पावसाळ्यात बंद असलेले कोअर 1 ऑक्टोबरला उघडतात. त्याआधी एका सुटीच्या दिवशी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, शे-दोनशे फोटो आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या, सगळं संगणकावर उघडून पाहा. ॲडॉप्टर एकदाही अडखळला तर त्याला कचऱ्याची वाट दाखवा आणि खिशात पूर्ण आकाराचं 32 जीबीचं एक जादा कार्ड ठेवा. सफारीच्या तिकिटापुढे त्याची किंमत काहीच नाही.