हारामाकाठचे रिवास

रिवास-वाथियामाद्रिदच्या गावठाणात जुने असे काही शोधायला गेलात तर हाती फारसे लागत नाही. चर्च, चौक, आखीव गल्ल्या, सारे 1950 च्या दशकातले. जुन्या पुलांच्या आणि मनोऱ्यांच्या स्पेनमध्ये, माद्रिदच्या आग्नेयेला वीसेक किलोमीटरवरच्या या गावाचे वय इतके कमी, याला कारण स्पॅनिश यादवी युद्धातला फेब्रुवारी 1937. राजधानीची रसद तोडायची तर वालेन्सियाचा रस्ता ताब्यात घ्यायचा, या इराद्याने फ्रँकोच्या फौजा हारामाच्या खोऱ्यात उतरल्या. मान्थानारेस नदी हारामाला मिळते तिथेच हे गाव, आणि रस्ताही तिथूनच जाणारा. रस्ता माऱ्यात आला, पण पूर्ण तुटला नाही. गाव मात्र बेचिराख झाले.

याच खोऱ्यात, जरा दक्षिणेला, आंतरराष्ट्रीय ब्रिगेडची ब्रिटिश तुकडी फ्रँकोविरुद्ध लढली आणि पहिल्याच दिवशी तिची निम्म्याहून अधिक माणसे मृत किंवा जखमी झाली. तिचे अधिकृत नाव होते सकलातवाला बटालियन, मुंबईत जन्मलेल्या शापूरजी सकलातवालांवरून. पुढे नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार ‘जॉन स्मिथ’ या नावाने याच तुकडीत दाखल झाले आणि 1938 मध्ये पकडले गेले. मराठी वाचकाला ही लढाई परकी वाटण्याचे कारण नाही.

युद्धानंतर सरकारने गाव नव्याने बांधून दिले, पण वस्ती काही वाढली नाही. 1981 च्या शिरगणतीत ती हजाराच्याही आत होती. आज ती लाखाच्या घरात आहे.

ही वाढ निव्वळ बिल्डरांची नाही, आणि मला रिवासचे मोल वाटते ते यासाठी. लोकशाही परतल्यानंतरच्या त्या वर्षांत कोविबार आणि पाब्लो इग्लेसियास या दोन सहकारी गृहनिर्माण संस्थांनी गावठाणापासून काही किलोमीटर अलीकडे, माद्रिदच्या बाजूच्या माळावर घरे उभारली. दुसरीचे नाव स्पॅनिश समाजवादी पक्षाच्या संस्थापकावरून. शहरात घर न परवडणारी तरुण कुटुंबे सभासद झाली. शाळा, दवाखाने, बसगाड्या हे सगळे मागाहून आले आणि मागून मागून मिळवावे लागले. मागण्यासाठी एकत्र यायची ही सवय गावाच्या राजकारणात मुरली आहे. 1991 पासून इथला महापौर डाव्या आघाडीचाच, आणि नगरपालिकेची स्वतःची गृहनिर्माण कंपनीही आहे.

1999 मध्ये मेट्रोची नऊ क्रमांकाची मार्गिका आली. ती बऱ्याच अंशी आर्गांदाच्या जुन्या रेल्वेच्या वाटेवरून धावते. ती जुनी गाडी चालते कमी आणि शिट्ट्याच जास्त मारते, अशी तिची थट्टा व्हायची. आजही माद्रिदला निघालेल्या रिवासकराला पुएर्ता दे आर्गांदाला उतरून गाडी बदलावी लागते. रोजच्या नोकरदाराला हा बदल चांगलाच जाणवतो.

गावठाणाच्या स्थानकाजवळ कांपियोचे तळे आहे. मुळात ती रेती-खडीची खाण. खाण बंद झाली, खड्ड्यात भूजल साचले, लव्हाळे वाढले आणि पाणकावळे, बगळे येऊ लागले. मागे जिप्समचे पांढुरके कडे. 1994 पासून हा परिसर संरक्षित उद्यानात असल्याने गावाला हव्या त्या दिशेने पसरता येत नाही, हे गावाचे भाग्यच म्हणायचे.

पण याच हद्दीतून कान्यादा रेआल जाते. मेंढपाळांच्या कळपांसाठी राखलेल्या या जुन्या राजमार्गावर दशकानुदशके घरे उभी राहत गेली: कुठे पक्की, कुठे पत्र्याची. ऑक्टोबर 2020 मध्ये तिच्या पाचव्या आणि सहाव्या टप्प्यातली वीज गेली. चार हजारांहून अधिक माणसे, त्यांत सुमारे 1,800 मुले. जानेवारी 2021 मध्ये माद्रिद बर्फाखाली गाडले गेले, तेव्हाही ही कुटुंबे विजेविनाच होती. पुनर्वसनाचा करार त्याआधीच, 2017 मध्ये झाला होता आणि त्यावर रिवासचीही सही होती. सभासदांच्या वर्गणीतून वसलेल्या गावाकडून या शेजाऱ्यांसाठीही तशाच चिकाटीची अपेक्षा मी धरतो.